सहाव्या आठवड्याचं चित्र

गणपतीचे डोळे आखणाऱ्या माणसाला गणपतीचा धाक जरा कमीच असतो. लहानपणी चिखलीच्या कुंभाराकडे बसून मी कितीतरी मूर्तींचे डोळे आखले. कुठला डोळा तिरका गेलाय, कुठल्या भुवईवर रंग जास्त बसलाय हे मला ठाऊक असायचं, त्यामुळे लोक हात जोडायचे तेव्हा मी मनातल्या मनात चुका मोजत बसायचो. माझी बायको अनुसया पुनावळ्याची. तिला मात्र मूर्तीत एकही चूक दिसायची नाही. लग्नाला पाच वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, तरी रोज दिवा लावताना तिचा चेहरा असा शांत असायचा की मला तिचा हेवा वाटायचा आणि थोडा रागही यायचा. देव असलाच तर तो आमच्या घरचा पत्ता विसरलाय, असं मी तिला एकदा म्हणालोही होतो. ती म्हणाली, "त्याला ठावं हाय. तुमीच दार लावून बसलाय."

हात बरा म्हणून शाळेतल्या मास्तरांनी मला ड्रॉइंगच्या परीक्षांना बसवलं होतं. त्या जोरावर पुण्यात डॉक्टरीच्या कॉलेजात चित्रकाराची नोकरी लागली. सकाळी चिखलीहून चिंचवड स्टेशनापर्यंत सायकल, तिथून पॅसेंजर. काम असं, की काचेच्या बरणीतली वस्तू भिंगातून पाहायची आणि वर्गातल्या मागच्या बाकावरही दिसेल एवढी मोठी करून कापड लावलेल्या कागदावर उतरवायची. हाडं झाली, काळीज झालं, फुप्फुसं झाली. मग एके दिवशी आमच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, आता गर्भाचे तक्ते करायचे, अगदी पहिल्या दिवसापासून आठव्या आठवड्यापर्यंत.

त्या कामात मी जेवढा रमलो तेवढा दुसऱ्या कशात रमलो नाही. पहिलं चित्र नुसत्या एका गोल ठिपक्याचं. मग एकाचे दोन, दोनाचे चार, आणि चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा एक गोळा. तो गोळा पुढे आईच्या कुशीच्या अस्तरात रुजतो. तिसऱ्या आठवड्यात पाठीची रेघ उमटते. चौथ्यात अजून तोंड नाही, बोटं नाहीत, आणि काळीज मात्र हलायला लागलेलं असतं. पाचव्यात हातांचे कोंब फुटतात. सहाव्यात त्या कोंबाचं टोक चपटं होतं, साहेब त्याला वल्हं म्हणायचे, आणि डोळ्याच्या जागी एक काळा ठिपका धरतो. आठव्यात बोटं सुटी होतात आणि माणूस ओळखू येतो. आम्ही मूर्तीचा डोळा सगळ्यात शेवटी आखतो. इथे तो कुणीतरी बोटांच्याही आधी ठेवून दिलेला होता. तो ठिपका काढताना माझा ब्रश दरवेळी क्षणभर थांबायचा.

पहिल्याच तक्त्यात माझी फजिती झाली होती. आठवड्यांचे आकडे मी आमच्या गावच्या बायका मोजतात तसे घातले, म्हणजे शेवटच्या पाळीपासून. साहेब खो खो हसले. म्हणाले, "अरे, बाईचा हिशेब वेगळा आणि गर्भाचं वय वेगळं. गर्भ राहतो दोन आठवड्यांनी." मग लाल पेन्सिलीनं त्यांनी माझा प्रत्येक आकडा खोडला आणि शेजारी दोनानं कमी करून लिहिला. तो तक्ता वाया गेला. मी तो गुंडाळून घरी आणला, कागद चांगला होता म्हणून.

आणि पुढचे तक्ते चालू असतानाच अनुसयेला दिवस गेले.

आईनं सांगितलं ते पहिल्याच दिवशी. माझी आई कडक होती, पण मायेनं कडक. "गरवार बाईच्या नदरंला असलं काय पडू द्यू नगंस," ती त्या गुंडाळीकडे बोट करून म्हणाली. मी तक्ता जुन्या धोतरात बांधून माळ्यावर सारला. अनुसयेला मी माझं काम काय ते कधी नीट सांगितलंच नव्हतं. हाडांची चित्रं काढतो एवढंच तिला माहीत. बरणीतल्या, जन्माला न आलेल्या जिवांची चित्रं मी दिवसभर काढतो आणि त्याच हातानं संध्याकाळी तिच्या हातचं ताट घेतो, हे मला तिच्याजवळ बोलवेना.

अनुसयेचा एक नवस होता. दिवस राहिले तर तिसरा महिना भरायच्या आत चिंचवडच्या गणपतीला स्वतः येऊन एकवीस दुर्वांची जुडी वाहीन, असं ती बोलली होती. आई म्हणाली, "तीन महिनं भरू देत, मग जा की. द्येव काय पळून चाललाय?" अनुसया सहसा सासूच्या शब्दाबाहेर जायची नाही. पण या वेळी ती हटून बसली. "आत्याबाई, शबूद दिलाय मी," एवढंच म्हणायची. शेवटी आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी अनुसयेच्या बाजूनं बोललो. भक्तीपोटी नव्हे. महिनाभर ती भात पाहिला तरी तोंड फिरवायची, आणि त्या आठवड्यात जरा बरं वाटत होतं, तर तिला बाहेर न्यावं एवढाच विचार. आता कळतं, ते बरं वाटणंसुद्धा चांगलं लक्षण नव्हतं.

माघ सरत आला होता. मंगळवारी सकाळी मी छकडा जुंपला, आत गवताची गादी केली, वर गोधडी. तिच्या हिशेबानं दहावा आठवडा सरला होता. देवळात गर्दी नव्हती. तिनं दुर्वा वाहिल्या आणि पदर पोटावर धरून बराच वेळ उभी राहिली. मी नेहमीसारखा मूर्तीच्या डोळ्यांकडे बघत होतो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "झालं. आता माजं काम झालं, पुढचं त्याचं." नदीकाठी आम्ही भाकरी खाल्ली आणि निघालो.

पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. वाट खडीच्या ढिगांतून जायची, आणि चाकाला दणके बसत होते. मी बैल सावकाश हाकत होतो. मागून अनुसया म्हणाली, "आवो, थांबवा." तिचा आवाज ऐकूनच मला कळलं. वळून पाहिलं तर गोधडीवर लाल डाग पसरत होता.

मी काय केलं म्हणाल तर काहीच नाही. कासरा हातात धरून उभा राहिलो. जवळच खडी फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या, तिकडून एक वयस्क बाई उठली. हातोडी खाली टाकली, पदरानं हात पुसले आणि आमच्या गाडीत डोकावली. मला काही विचारलं नाही. अनुसयेच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नको माय. मी हाय." मग मला म्हणाली, "बाबा, हिला माझ्या झोपडीत आण. हितंच बाजूला हाय." ती मराठवाड्याकडची होती. तिकडे सुईणपण करायची, दुष्काळानं इकडे खडी फोडायला आणलं होतं. नाव सरूबाई.

दुपार टळेपर्यंत मी झोपडीबाहेर बसून होतो. आतून अनुसयेचा आवाज येत नव्हता, सरूबाईचाच यायचा, हळू, एकसुरी, जात्यावर बसल्यासारखा. एकदा मला वाटलं की हे माझ्यामुळे झालं. मी मेलेल्या जिवांची चित्रं काढली, त्यांची सावली घरात आणली, वर तो तक्ता माळ्यावर ठेवला. शिकलेला माणूस मी, भिंगातून बघणारा, आणि त्या माळावर बसून हे खरं मानत होतो. देवाला पहिल्यांदा मनापासून हाक मारली ती तेव्हा. मूल वाचव असं म्हटलं नाही, ती वेळ गेली आहे हे दिसत होतं. एवढंच म्हणालो, तिला ठेव.

सरूबाई बाहेर आली ती हातात मातीची परळ घेऊन, वर पळसाचं पान झाकलेलं. "बाई बरी हाय," ती म्हणाली. "दमलीय. थोडं पाणी पाज." मग परळ माझ्यापुढे धरली. "हे बघ."

मी मान फिरवली. म्हणालो, तुम्हीच काय ते करा, मावशी.

"करते की. पर बापानं बघितल्याबिगर मी मातीत ठेवत नसते. बाप हाईस ना? बघ मग."

ती आवाज चढवून बोलली नाही, पण तिथून हललीही नाही. मी पान बाजूला केलं. परळीत स्वच्छ पाणी होतं, वरून माघाचं ऊन पडलेलं. त्या पाण्यात, पातळ पडद्याच्या आत, हरभऱ्याच्या दाण्याएवढं माझं लेकरू होतं.

पाठ वाकलेली. डोकं छातीकडे झुकलेलं. डोळ्याच्या जागी एक काळा ठिपका. आणि हाताचं टोक चपटं, वल्ह्यासारखं, बोटं अजून सुटलेली नाहीत. मी रडलो नाही. माझ्या आधी माझ्या हातानं त्याला ओळखलं. सहा महिने तीच वळणं तो गिरवत होता. तोंडातून शब्द गेला, "सहावा."

"काय सहावा?" सरूबाईनं विचारलं.

त्याच वेळी मला त्याचा अर्थ कळला. तिच्या हिशेबानं दहा आठवडे सरलेले, त्यातून दोन वजा केले तर आठ. आठव्याचं मूल अंगठ्याच्या पेराएवढं असतं, त्याची बोटं सुटी असतात, मोजता येतात. हे सहाव्यात थांबलं होतं. म्हणजे आज नव्हे, या खडीवर नव्हे. दोन आठवड्यांपूर्वी कधीतरी, अनुसया घरात भाकरी थापत असेल किंवा विहिरीवरून हसत येत असेल, तेव्हा ते काळीज गुपचूप थांबलं होतं आणि कुणालाच कळलं नव्हतं.

सरूबाईनं पळसाच्या बुडाशी हातानं खड्डा केला. मी परळ ठेवली. तिनं माती लोटली आणि मलाही लोटायला लावली.

घरी आलो. रिवाजाप्रमाणे अनुसयेला तीन दिवसांचा विटाळ आणि मला नुसती आंघोळ. एवढ्या कच्च्या जिवाचं बापाला इतकंच लागतं. आंघोळ करून चौथ्या दिवशी मी पॅसेंजर पकडली. आई अनुसयेला वाईट बोलली नाही, पण शेजारणींपुढे तिच्या तोंडून एकदा गेलं, "सांगत हुते, गाडीत बसू नगंस." तेवढं पुरे झालं. अनुसयेनं ते उचललं आणि उराशी धरलं. संध्याकाळी दिव्याची वेळ झाली की ती परड्यात निघून जायची. दिवा आई लावायची. दुर्वा तोडणं तिनं बंद केलं. एकदा मी विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरात बसले आस्ते तर जगलं आस्तं. द्येवाकडं गेले म्हनून गेलं. आता त्याच्याशी काय बोलू?"

आता कुणीही विचारेल, की तुला खरं माहीत होतं, मग बोलला का नाहीस? लाज वाटते सांगायला. बोलायचं तर तक्ता काढावा लागला असता, आणि मी काय काम करतो ते सांगावं लागलं असतं. मनात एक भीतीही होती, की ती मला म्हणेल, म्हणजे तुमच्या चित्रांनीच घात केला. एक फाल्गुन मी असा काढला. ती वाळत होती आणि मी गप्प होतो. भित्र्या माणसाच्या हातून पाप घडतं ते असंच, काही न करता.

शेवटी साहेबांना विचारलं. पाहिलं ते सगळं सांगितलं, ठिपका, वल्हं, लांबी. ते म्हणाले, "तू पाहिलंस ते खरं धरलं तर गर्भ आधीच थांबला होता. गाडीचा संबंध नाही, तुझ्या चित्रांचा तर नाहीच नाही. बऱ्याचदा मुळात जडणघडणीतच काही राहून जातं. कुणाचा दोष नसतो." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पण इतकं लहान कुणी पाहत नाही रे. पाहिलं तरी ओळखत नाही. तू कसा पाहिलास?"

या प्रश्नानं मला सरूबाईची आठवण झाली. रविवारी साडीचोळी घेऊन माळावर गेलो. झोपड्या उठल्या होत्या, कामाची हद्द पुढे सरकली होती. विचारत विचारत खाणीपाशी ती सापडली, तीच हातोडी घेऊन बसलेली. मी पाया पडायला वाकलो आणि म्हणालो, देवानंच तुम्हाला त्या वाटेवर बसवलं होतं, मावशी. ती हसली. "मला मुकादमानं बसवलंय बाबा, खडी फोडायला." मग मी विचारलं, त्या दिवशी मला बघायला का लावलंत. तिची हातोडी थांबली. म्हणाली, "माझे असेच दोन गेले. नवऱ्यानं एकबी बघितलं न्हाई. त्याला जन्मभर वाटलं, काही नव्हतंच. मग मी एकटीच कुणासाठी रडायची?"

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून धोतराची गुंडाळी काढली. आई देवळात गेली होती. अनुसया परड्यात होती, तिला आत बोलावलं आणि तक्ता जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आईनं जे तिच्या नजरेला पडू नये म्हटलं होतं ते सगळं तिच्यापुढे होतं. मी सुरुवातीपासून सांगत गेलो. हा पहिला ठिपका. हे दोन, हे चार. हा गोळा. इथे रुजतो. इथे काळीज हलतं. माझे काळे आकडे, साहेबांचे लाल आकडे, त्यातला दोनाचा फरक. ती जवळ सरकली. तिचं बोट एकेका चित्रावरून पुढे जात होतं आणि सहाव्यावर मी ते धरलं.

"मी बघितलं त्याला," मी म्हणालो. "असंच होतं. हुबेहूब. हा डोळा, हा हात."

"तुमी बघितलं?"

"सरूबाईनं बघायला लावलं."

तिनं आठव्या चित्राकडे पाहिलं, सुट्या बोटांकडे, आणि परत सहाव्याकडे. तिला शाळा नव्हती, पण हिशेब तिनं मी सांगायच्या आधीच पुरा केला. "म्हंजी आपुन गेलो तवा..."

"तेव्हा ते आधीच थांबलं होतं. दोन आठवडे झाले होते. घरातच. तू काहीही केलं असतंस तरी."

मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. ती चित्रावर हात ठेवून रडायला लागली. महिनाभर कोरडी असलेली बाई ती, आणि असं रडली की वाट्या कलंडल्या, सहाव्या चित्राचा रंग ओला होऊन फुटला. मीही रडलो. परळीपुढे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. आम्ही दोघं एकाच माणसासाठी रडत होतो, आणि ते माणूस होतं हे आता दोघांनाही ठाऊक होतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. म्हणाली, "म्हंजी मी त्याला घिऊनच द्येवाम्होरं हुबी हुते. गेल्यावर बी." आणि मग अगदी हळू, "बरं झालं मी हटून गेले. त्याला बी दर्शन झालं."

ती उठली, हातपाय धुतले आणि दिवा लावला. आई देवळातून आली तेव्हा वात पेटलेली होती. आईनं जमिनीवरचा तक्ता पाहिला, आमचे चेहरे पाहिले, आणि वाट्या उचलून ठेवल्या.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. हे इथेच सांगून टाकतो, कारण अशा गोष्टींच्या शेवटी पाळणा हलावा अशी वाचणाऱ्याची इच्छा असते. आमचा हलला नाही. वर्षानुवर्षं मी विचार करत आलो, की कृपा म्हणतात ती आमच्यावर झाली की नाही. मागितलं ते मिळालं नाही, ही गोष्ट खरी. पण त्या साऱ्या पंचक्रोशीत त्या परळीतलं अक्षर वाचता येणारा माणूस बहुधा मी एकटाच होतो. त्याला ते आधीच सहा महिने गिरवायला लावलं गेलं होतं, आणि त्यानं मान फिरवली तेव्हा ती परत वळवणारी बाई नेमकी त्याच वाटेवर खडी फोडत होती. हे कुणी जुळवलं म्हणून मी वाद घालत नाही. मी फक्त हात जोडतो, आणि आता चुका मोजत नाही. अनुसयेचं देवळाबाहेरचं वाक्य मला फार उशिरा कळलं. माझं काम झालं, पुढचं त्याचं. ती ते मूल पोटात असताना म्हणाली होती आणि नसतानाही तेच मानत राहिली.

चिंचवडला आम्ही दरवर्षी माघात जायचो. जुडी एकवीस दुर्वांची असते, पण अनुसया बांधताना बावीस घ्यायची. आई होती तोवर कुरकुरायची, "आगं, एक जास्त झाली." अनुसया म्हणायची, "असू दे आत्याबाई, ती लेकराची हाय." गेली तीन वर्षं ती नाही. आता परड्यातून दुर्वा मीच तोडतो. मान कापते, नजर पहिल्यासारखी राहिली नाही, एकेक काडी उन्हात धरून बघावी लागते. मोजताना एकवीसवर हात थांबतो, मग मी आणखी दोन घेतो.